पिवळी पिन की एचडीएमआय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरच्या थिएटरबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, स्पीकरबद्दल येतील असं वाटलेलं, पण बरीचशी पत्रं वायरींवरच आली. सगळ्यांना छापून उत्तर देता येणार नाही, म्हणून ज्यात बाकीच्यांचंही काम होईल अशी सहा निवडलीयेत.

सर नमस्कार. 2007 ला घर बांधलं तेव्हा हॉलच्या पीओपीमधून प्रोजेक्टरपर्यंत 12 मीटर कंपोनंट केबल टाकून घेतली होती, हिरवी-निळी-लाल अशी, तेव्हाच्या मानाने महागडी. चित्र अजूनही झकास येतं. आता 4के प्रोजेक्टर घेतोय तर इन्स्टॉलर म्हणतो सगळं उपटून एचडीएमआय टाका. खरंच काढायची का? जीव होत नाहीये. — एक वाचक, कोल्हापूर

काका, आधी एक सांगतो, 2007 साली तुम्ही जे केलंत ते अगदी बरोबर होतं. एचडीएमआयचं पहिलं व्हर्जन आलं 2002 च्या शेवटी, आणि तुम्ही घर बांधत होतात तेव्हा 12 मीटर एचडीएमआय टाकणं म्हणजे चित्र आलं तर आलं असा प्रकार होता, प्लेयर आणि प्रोजेक्टरचं आपसात जमायचं नाही, मधेच स्क्रीन काळी व्हायची. कंपोनंट त्यावेळी निमूट चालायची आणि चांगल्या 75 ओहमच्या केबलवर 1080आय चित्र इतकं स्वच्छ यायचं की दहा-बारा फुटांवर बसून फरक ओळखणं भल्याभल्यांना जमत नसे. त्यामुळे "ॲनालॉग म्हणजे वाईट" असं कोणी म्हटलं तर मी ते मानत नाही.

पण आता अडचण चित्राची नाहीचे, अडचण अशी आहे की त्या केबलच्या दुसऱ्या टोकाला लावायला काही उरलेलंच नाही. ब्लू-रेच्या कॉपीराइटचे जे नियम आहेत त्यात 31 डिसेंबर 2010 नंतर बनलेल्या प्लेयरला ब्लू-रे डिस्कचं एचडी चित्र ॲनालॉगमधून बाहेर काढायला बंदी आली, फक्त साधं एसडी, म्हणजे कमी तपशिलाचं, चालेल, आणि 2013 संपल्यावर तेही बंद, म्हणजे त्यानंतरच्या ब्लू-रे प्लेयरच्या मागे व्हिडिओसाठी हिरवी-निळी-लाल भोकं मिळणारच नाहीत. हल्लीच्या स्ट्रीमिंग स्टिकना तर एचडीएमआय सोडून काही नसतंच. 4के चित्र कंपोनंटवरून घरगुती वस्तूत कुठेच येत नाही. तेव्हा नवीन प्रोजेक्टर घेणार असाल तर एचडीएमआय टाकावीच लागेल, यात दुसरा रस्ता नाही.

आणि दुसरं एक कारण आहे ते लोक सांगत नाहीत. जुन्या डबा टीव्हीत पिक्चर ट्यूब होती, ती स्वतःच ॲनालॉग, आलेल्या व्होल्टेजप्रमाणे इलेक्ट्रॉनचा झोत कमी-जास्त करायची, त्यामुळे ॲनालॉग वायरीतून आलेलं ॲनालॉग चित्र तिला थेट पचायचं. आताचा प्रोजेक्टर असो की एलईडी टीव्ही, त्यात मोजून ठेवलेले ठिपके आहेत, डिस्कवरही आकडेच आहेत, मग आकड्याचं व्होल्टेज करा, 12 मीटर न्या, परत त्याचे आकडे करा, या दोन उलाढालींत थोडं-थोडं हरवतं. दोन्ही टोकांना आकडे असतील तर मधे पण आकडेच जाऊ द्यावेत. केबल चित्र कधीच सुधारत नाही, फार तर ते बिघडू देत नाही, एवढंच तिच्याकडून मागायचं.

आता 12 मीटरचं गणित नीट समजून घ्या कारण इथेच पैसे वाया जातात. 1080पी ला, म्हणजे फुल एचडी 60 फ्रेमला, साधारण 4.46 जीबीपीएस (सेकंदाला इतके अब्ज बिट) लागतात, 4के सिनेमा 24 फ्रेमचा असेल तर 8.91, आणि तेच 4के 60 फ्रेमने, म्हणजे मॅच किंवा गेम, तर 17.82. साधी तांब्याची एचडीएमआय 18 जीबीपीएसला पाच मीटरपर्यंत निर्धास्त चालते, पुढे नशीब. 12 मीटर तांब्याची जाडजूड केबल 1080पी चालवेल, 4के ला मधेच दगा देईल. तुम्हाला हवी ती आतून फायबरची, दुकानात ऑप्टिकल एचडीएमआय म्हणून मागा. तिला दिशा असते, एका टोकाला सोर्स आणि दुसऱ्याला डिस्प्ले असं लिहिलेलं असतं, भिंतीत घालायच्या आधी दोनदा वाचा, उलटी गेली तर चित्रच येणार नाही आणि पीओपी परत फोडावं लागेल. आणि घालायच्या आधी जमिनीवर पसरून, दोन्हीकडे लावून, एक अख्खा सिनेमा बघून घ्या, दहा मिनिटांची टेस्ट पुरत नाही.

तुमच्या पीओपीत एक इंची पाइप असेल तर त्याच्या आत 21-22 मिमीच जागा असते आणि एचडीएमआयचं डोकं प्लास्टिकसकट जवळपास तेवढंच रुंद, सरळ पाइपात घासत जाईल पण वळणावर अडकणारच. यासाठी डोकं काढता येणाऱ्या केबली मिळतात, बारीक टोक पाइपातून जातं आणि मोठं डोकं नंतर बसवायचं, तीच घ्या. काचेचा धागा आहे, काटकोनात वाकवू नका.

आणि जुनी कंपोनंट? तिघी एकत्र बांधलेल्या असतील तर त्यांनाच नवीन केबल आणि एक नायलॉनची दोरी बांधा आणि दुसरीकडून ओढून घ्या, म्हणजे नवीन आत येईल, जुनी बाहेर, दोरी पुढच्या वेळेसाठी पाइपातच राहील. पाइपात जागा असली तर मी म्हणेन एक वायर आतच राहू द्या, ती 75 ओहमची कोॲक्स आहे, डिजिटल ऑडिओच्या केशरी पिनेला किंवा सबवूफरला अगदी उत्तम चालते. इतक्या मायेने घेतलेली वस्तू भंगारात द्यायची गरज नाही.

नवीन 43 इंची टीव्ही घेतला, केबलवाल्याचा जुना बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनेने जोडलाय तर चित्र ब्लॅक अँड व्हाइट येतंय. दुकानदार म्हणतो पॅनल खराब आहे, कंपनीचा माणूस आठ दिवसांनी येणार. काय करू? — एक वाचक, परभणी

ताई, पॅनल खराब असण्याची शक्यता फार कमी आहे, आधी हे करून बघा. बऱ्याच टीव्हीत कंपोनंट (हिरवी-निळी-लाल) आणि साधी एव्ही (तुमची लाल-पांढरी-पिवळी) यांना एकच भोक असतं, पिवळी पिन हिरव्या भोकात घालायची असते, आणि टीव्हीच्या सोर्स मेनूत "कंपोनंट" निवडलं गेलं असेल तर टीव्ही त्या भोकातून फक्त उजेड-अंधाराचा भाग वाचतो, रंग निळ्या-लाल भोकातून येईल म्हणून वाट बघत बसतो. तुमच्याकडे तिथं काही लावलेलंच नाही मग चित्र कृष्णधवल. रिमोटवर सोर्स दाबा, "एव्ही" करा, रंग आला तर प्रश्न मिटला. नाही आला तर पिक्चर सेटिंगमध्ये कलर सिस्टिम पाल (PAL, आपल्याकडची पद्धत) किंवा ऑटो आहे का बघा, कधी कधी ती एनटीएससीवर (अमेरिकेतली पद्धत) अडकलेली असते.

टीव्हीला तीन भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच बारीक भोक असेल आणि वायर वेगळी विकत घेतली असेल तर आणखी एक गोची होते. त्या वायरीत आतली जोडणी सगळ्या कंपन्यांची सारखी नसते, चित्र गायब आणि स्पीकरमधून घरघर असं झालं की समजायचं पिवळीचा सिग्नल आवाजाच्या वायरीत गेलाय, मग पिवळी पिन लालमध्ये किंवा पांढऱ्यात घालून बघा, काही मोडत नाही.

आता हे झालं तात्पुरतं. खरं सांगायचं तर 43 इंचावर पिवळ्या पिनेचं चित्र बघू नये. त्या एका वायरीत उजेड आणि रंग एकत्र कोंबलेले असतात, रंगाची लहर 4.43 मेगाहर्ट्झवर, म्हणजे चित्रातला बारीक तपशील जिथे असतो त्याच पट्ट्यात. टीव्हीला ते वेगळं करताना चूक होते, म्हणून बातम्या देणाऱ्याचा बारीक चौकडीचा शर्ट असला की त्यावर इंद्रधनुष्य नाचतं, साडीच्या काठापाशी ठिपके सरकत राहतात, लाल रंग बाजूला ओघळतो. 21 इंची डब्यावर हे खपून जायचं. केबलवाल्याला सांगून एचडीएमआयवाला बॉक्स मागा, चॅनल एसडी राहिले तरी चालतील, नुसतं पिवळ्या पिनेवरून एचडीएमआयवर आलं की अक्षरं वाचता येतील इतका फरक पडतो, रंग जागच्या जागी बसतात. फक्त चॅनलवाल्यांनीच जे दाबून-दाबून पाठवलंय ते चौकोन-चौकोन दिसणारच, ते कोणतीच केबल दुरुस्त करणार नाही.

तपकीर गल्लीत एचडीएमआय 250 ला मिळतेय, मॉलमध्ये 6000 ला, ती सोन्याचा मुलामा असलेली, म्हणतात काळा रंग जास्त गडद दिसतो. दीड मीटर हवीये, साधा 4के टीव्ही आणि गेम कन्सोल. — एक वाचक, पुणे

काळा रंग गडद दिसत नाही. दिसूच शकत नाही. डिजिटल केबलमध्ये जे आकडे निघाले तेच पोहोचले तर चित्र तंतोतंत तेच असतं, आणि नाही पोहोचले तर ते "थोडं फिकं" नसतं, पांढरे ठिपके चमकतात, चित्र क्षणभर जातं, किंवा सरळ "नो सिग्नल". ॲनालॉगमध्ये वायर वाईट असली की हळूहळू बिघडायचं, सावली पडायची, कडा मऊ व्हायच्या, त्या काळातल्या अनुभवावरून आजही लोकांना वाटतं की महाग केबलने रंग खुलतात आणि विकणारे त्याचाच फायदा घेतात, याचा मला मनापासून राग येतो कारण त्या 6000 मध्ये चांगला साउंडबार घ्यायला हातभार लागतो.

पण म्हणून 250 वाली कोणतीही उचलू नका. पाकिटावर "व्हर्जन 2.1" असं छापलंय त्याला अर्थ नाही, केबलला व्हर्जन नंबर लावायचाच नाही असा नियम आहे, केबलचा दर्जा नावावरून ठरतो. हाय स्पीड म्हणजे 10.2 जीबीपीएस, प्रीमियम हाय स्पीड म्हणजे 18, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे 48. तुमचा कन्सोल 4के 120 फ्रेम देत असेल आणि टीव्हीही घेत असेल तर अल्ट्रा, नाहीतर प्रीमियम पुरे. या दोन्हीच्या बॉक्सवर स्कॅन करायचं लेबल असतं, एचडीएमआयवाल्यांचं त्यासाठी ॲप आहे, दुकानात उभं राहूनच स्कॅन करा. लेबल असलेली साधी केबल मॉलवालीच्या पासंगालाही न पुरणाऱ्या किमतीत मिळते.

आजीचा जुना डबा टीव्ही अजून उत्तम चालतो, तिला तोच हवा. त्यावर स्ट्रीमिंग स्टिक चालवायची म्हणून एका बाजूला एचडीएमआय आणि दुसऱ्या बाजूला तीन पिना अशी वायर घेतली, काहीच येत नाही. — एक वाचक, नागपूर

ती वायर कधीच चालणार नव्हती. आकड्यांचं व्होल्टेज करायला मधे चिप लागते, नुसती तार जोडून ते होत नाही, अशा वायरी सर्रास विकतात आणि लोक फसतात. छोटा डबा मिळतो, एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर, त्याला यूएसबीची वेगळी पॉवर द्यावी लागते, तोच मागा, बाजूला पाल-एनटीएससीचं बटण असतं ते पालवर ठेवा. उलट दिशेचा, म्हणजे एव्ही टू एचडीएमआय, अगदी तसाच दिसतो, पिना कुठून आत आणि कुठून बाहेर ते बघून घ्या. कन्व्हर्टरवर काही ॲप कॉपीराइटच्या कुलपामुळे चित्र देत नाहीत, आवाज येतो आणि पडदा काळा, त्यामुळे बदलून मिळेल अशा दुकानातूनच घ्या. आजीला मालिकेची नावं वाचता येत नाहीत असं झालं तर स्टिकच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करा. डबा बदलू नका, पिवळी पिन मुळात अशाच टीव्हीसाठी बनलीये आणि त्यावर ती शोभून दिसते.

आमच्याकडे समुद्र जवळ, दर पावसाळ्यानंतर डीव्हीडीच्या पिना हिरव्या पडतात, चित्रात पट्टे फिरतात. शिवाय टीव्हीला केबल लावताना हाताला झिणझिण्या येतात. एचडीएमआय घेतली तर दोन्ही थांबेल का? — एक वाचक, मालवण

पट्टे थांबतील, हिरवटपणा आणि झिणझिण्या नाहीत, आणि झिणझिण्या जास्त महत्त्वाच्या आहेत म्हणून त्या आधी.

झिणझिण्या येतात कारण दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या बॉक्समध्ये आत एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो आणि अर्थिंग नसेल तर त्याला जायला वाट नसते, मग बॉडी 230 च्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते. माणसाला त्याने सहसा इजा होत नाही पण टीव्हीच्या पोर्टला होते, चालू मशीनवर पिन घालताना आधी कोणता भाग टेकला यावर सगळं असतं. पिवळ्या पिनेचा सिग्नल साधा दणकट होता, तिने हे सहन केलं, एचडीएमआयच्या मागची चिप फार नाजूक असते. माझ्याच घरी जुलै महिन्यात, बाहेर विजा चमकत असताना, मी चालू टीव्हीवर एचडीएमआय बदलली आणि पोर्ट गेलं, बोर्ड बदलायला टीव्हीच्या निम्मे पैसे पडले, तेव्हापासून दोन्हीकडची बटणं बंद करून प्लग काढल्याशिवाय मी पिनेला हात लावत नाही. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, समुद्राकाठी अर्थिंगचा खड्डा आणि पट्टी लवकर गंजते. टीव्ही, बॉक्स, ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावरून चालवा, वेगवेगळ्या खोल्यांतून लाइट घेतली की दोन अर्थिंगमधला फरक चित्रात जाड पट्टा होऊन वर-खाली फिरतो, तुमचे पट्टे त्याचेच असतील असा माझा अंदाज आहे. छतावरच्या छत्रीची वायर वादळ येण्याआधीच काढून ठेवा, टीव्हीला विजेचा दणका बऱ्याचदा तिच्यातूनही येतो.

आता हिरवटपणा. खारी हवा आणि दमट, तांबं-पितळ त्यात हिरवं पडणारच. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पाणी-रॉकेल नको, भोकात पिन घालून चार वेळा फिरवा म्हणजे आतला थर खरवडला जातो. आणि मघाशी पुण्याच्या वाचकाला सोन्याच्या मुलाम्याबद्दल जे बोललो ते तुम्हाला लागू नाही, सोनं गंजत नाही, तुमच्या गावात मुलामा घ्यावा, चित्रासाठी नव्हे, पिन टिकण्यासाठी, आणि तो साध्या किमतीच्या केबलीवरही मिळतो. न वापरातल्या पोर्टना रबरी टोप्या लावा.

आमचं लग्न 1993 ला पुण्यात झालं, व्हीएचएस कॅसेट इकडे आणली होती. इथल्या व्हीसीआरवर नुसत्या रेघा येतात. मुलांना दाखवायची आहे, चांगली एचडीएमआयवाली मशीन घेऊ का? — एक वाचक, न्यू जर्सी

दादा, कॅसेट खराब झालेली नाही, घाबरू नका. भारतातली कॅसेट पालची, 625 रेघा, सेकंदाला 25 फ्रेम, आणि अमेरिकेतला व्हीसीआर एनटीएससीचा, 525 रेघा आणि जवळपास 30 फ्रेम, तो तुमची टेप वाचूच शकत नाही. मल्टिसिस्टिम व्हीसीआर मिळाला तरी तिथल्या बऱ्याच टीव्हींना पालचं चित्र घेता येत नाही. एचडीएमआयवाल्या मशीनने हे सुटत नाही.

या कामाला ॲनालॉग वायरच लागणार आहे, एकदाच. भारतात पुढच्या वेळी याल तेव्हा, किंवा इथल्या भावाबहिणीकडे पाठवून, पाल व्हीसीआरच्या एव्ही पिनेतून, अँटेनाच्या भोकातून नव्हे, यूएसबी कॅप्चरने लॅपटॉपवर घ्यायला सांगा. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील जेमतेम 240 रेघांचा, त्यामुळे पिवळी पिन तिथे पुरते. महत्त्वाचं हे की 720 बाय 576, 25 फ्रेम, इंटरलेस (एकाआड एक रेघा) असंच घ्या. स्वस्तातले एव्ही टू एचडीएमआय डबे चित्र ओढून 1080पी करतात, फ्रेम चुकीच्या जोडतात, अक्षता पडताना हातांना दात आल्यासारखे दिसतात आणि ते नंतर निघत नाही. डीव्ही फॉरमॅटमध्ये तासाला 13 जीबी लागतात, तीन तासांच्या कॅसेटला 40 जीबी धरा, आजच्या पेनड्राइव्हमध्ये आरामात मावतं.

एक फार महत्त्वाचं. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसते का ते आधी उजेडात बघा. पुण्यात दोन-चार पावसाळे कपाटात काढलेल्या टेपला ती असतेच बऱ्याचदा. दिसली तर अजिबात लावू नका, ती व्हीसीआरच्या हेडवर जाते, हेड चोंदतं, टेप ओरखडली जाते, आधी साफ करणाऱ्याकडे द्या. बुरशी नसेल तर लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं एकावर एक चिकटलेले वेढे सुटतात. प्रवासात हँडबॅगेत ठेवा, विमानतळाच्या एक्स-रेने टेपला काही होत नाही, सामानात टाकलेली हरवण्याची भीती जास्त. कॉपी झाली की दोन ठिकाणी ठेवा, आणि मूळ कॅसेट उभी ठेवा, आडवी नको.